१४ एप्रिल : एकाच तारखेला घडलेल्या घटनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल महिना लागला की दिनविशेष लिहिणाऱ्यांकडे १४ तारखेविषयीचे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागतात. शाळेचा फळा लिहिणारे शिक्षक, जयंती मंडळांचे कार्यकर्ते, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आणि आमच्या वाचनालयाच्या सूचनाफलकासमोर थांबणारे वाचक असे विचारणारे अनेक असतात. फलक लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. त्या निमित्ताने जमा झालेल्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

इतर तारखा सोडून १४ एप्रिलविषयीच एवढे प्रश्न का येतात?

महाराष्ट्रात ही तारीख ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण आहे, आणि त्याचे कारण एकच आहे : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी झाला. परंतु मुंबईच्या इतिहासातील सर्वांत भीषण औद्योगिक दुर्घटना, म्हणजे १९४४ सालचा गोदीतील स्फोट, हीदेखील याच तारखेची आहे. अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती याच तारखेला, आणि टायटॅनिक हिमनगावर आदळली तीही याच तारखेला. त्याशिवाय भारताच्या अनेक प्रांतांत याच सुमारास नवे सौर वर्ष सुरू होते. एवढ्या निरनिराळ्या घटना एका चौकटीत आल्या की त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे का, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

बाबासाहेबांचा जन्म नेमका कोठे झाला?

मध्य प्रदेशातील महू येथील लष्करी छावणीत. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते आणि तेथील लष्करी शाळेत अध्यापनाचे काम करीत होते. आईचे नाव भीमाबाई. बाबासाहेब हे या दांपत्याचे चौदावे अपत्य. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या गावचे. जन्म महूचा असला तरी बाबासाहेबांचे घर मराठी होते, आणि म्हणून या तारखेचा महाराष्ट्राशी असलेला संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. २००३ साली महूचे नाव डॉ. आंबेडकर नगर असे करण्यात आले. तेथील जन्मभूमी स्मारकाची पायाभरणी १९९१ मध्ये जन्मशताब्दीच्या निमित्ताने झाली आणि उद्घाटन १४ एप्रिल २००८ रोजी झाले.

जयंती सार्वजनिक रीतीने कधीपासून साजरी होऊ लागली?

पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली, असे सांगितले जाते. त्याच्या आदल्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रारंभाची वेळ समजते. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतलेल्या माणसांना आपल्या नेत्याचा जन्मदिवस उघडपणे, मिरवणुकीने साजरा करावासा वाटला, यात मला त्या काळातील आत्मसन्मानाची एक स्पष्ट खूण दिसते.

आज जयंतीच्या आदल्या रात्री बारा वाजता वस्त्यावस्त्यांतून होणारा जल्लोष, निळे झेंडे आणि पंचशीलाचे ध्वज, महू, चैत्यभूमी व दीक्षाभूमी येथे होणारी गर्दी हे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याइतकाच महत्त्वाचा, पण छायाचित्रांत कमी येणारा उपक्रम म्हणजे सलग अठरा तास वाचन. जयंतीच्या आसपास अनेक महाविद्यालयांत आणि अभ्यासिकांत सकाळी सहा वाजता विद्यार्थी बसतात ते मध्यरात्री उठतात. आमच्या वाचनालयातही हा उपक्रम होतो. रात्री दहाच्या सुमारास सभागृहात पंख्याच्या आवाजाखेरीज फक्त पाने उलटल्याचा आवाज येत असतो, आणि पहिल्या रांगेतली शाळकरी मुले डोळ्यांवर पाणी मारून पुन्हा जागेवर येऊन बसतात. बाबासाहेबांना वाहिलेली याहून योग्य आदरांजली मला तरी माहीत नाही.

भारतरत्न हा सन्मानही याच तारखेशी जोडलेला आहे. मरणोत्तर दिलेला हा सन्मान श्रीमती सविता आंबेडकर यांनी १४ एप्रिल १९९० रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या ९९ व्या जयंतीदिनी स्वीकारला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयात प्रथमच ही जयंती साजरी झाली.

जयंती तारखेने साजरी होते, मग धम्मचक्र प्रवर्तन दिन तिथीने का?

बाबासाहेबांनी नागपूर येथे आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तो दिवस १४ ऑक्टोबर १९५६ हा होता, आणि त्या दिवशी विजयादशमी होती. परंपरेत हा दिवस अशोक विजयादशमी म्हणून ओळखला जातो आणि त्याची निवड विचारपूर्वक करण्यात आली होती. दिवसाची निवडच तिथी पाहून झाली असल्यामुळे दीक्षाभूमीवरील मुख्य सोहळा दसऱ्याला होतो, तर अनेक ठिकाणी १४ ऑक्टोबरलाही कार्यक्रम होतात. जन्माचा दिवस मात्र कोणी निवडलेला नसतो. तो इंग्रजी तारखेने नोंदवला गेला आणि तारखेनेच रूढ झाला. एकाच व्यक्तीच्या आयुष्यातील दोन दिवस दोन वेगळ्या कालगणनांनी पाळले जातात, यात विसंगती काहीच नाही. मात्र दिनविशेष लिहिणाऱ्याने कोणता दिवस कोणत्या गणनेने पाळला जातो, हे प्रत्येक वेळी पाहून घ्यावे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत काय घडले?

दुसरे महायुद्ध चालू होते. फोर्ट स्टिकिन नावाचे मालवाहू जहाज फेब्रुवारीत इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघून कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, लढाऊ विमाने होती, सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्या होत्या, आणि कराचीत त्यात कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड असा माल भरण्यात आला होता. कापूस, तेल आणि दारूगोळा एकाच जहाजात, ही वस्तुस्थिती वाचतानाच अंगावर काटा येतो. युद्धकाळात जहाजांची टंचाई होती आणि त्या टंचाईपोटी एरवी कोणी पत्करला नसता असा धोका पत्करला गेला.

१४ तारखेला, शुक्रवारी, दुपारी दोनच्या सुमारास दोन क्रमांकाच्या कप्प्यातून धूर येत असल्याचे लक्षात आले. बंब आले, नळ सोडले गेले, ९०० टनांहून अधिक पाणी कप्प्यात ओतले गेले; परंतु धूर इतका दाट होता की आगीचे मूळ कोठे आहे तेच कळेना. आतले पाणी उकळू लागले आणि जहाजाचा पत्रा तापत गेला. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा आदेश देण्यात आला, आणि त्यानंतर सोळा मिनिटांनी, चार वाजून सहा मिनिटांनी, पहिला प्रचंड स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. सुमारे १,७०० किलोमीटरवरील सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर धरणीचा कंप नोंदला गेला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला आणि तो अधिक विनाशक ठरला, कारण पेटलेला कापूस आणि तापलेले लोखंड आसपासच्या वस्त्यांवर आणि मालाच्या कोठारांवर पावसासारखे पडले.

जलपद्म नावाचे शेजारचे जहाज स्फोटाच्या रेट्याने उचलले जाऊन धक्क्यावर आले. डझनभर जहाजे बुडाली किंवा निकामी झाली, आणि धान्याचे साठे, कोठारे, पेढ्या, घरे भस्मसात झाली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. त्यानंतर गोदीतला सुमारे पाच लाख टन राडारोडा उपसण्यासाठी आठ हजार माणसे सात महिने राबत होती.

आग लागली कशी? हा घातपात होता का?

सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने आगीचे मूळ बहुधा कापसाच्या गासड्यांत असावे, असा निष्कर्ष काढला. घातपाताच्या वदंता तेव्हाही होत्या आणि आजही ऐकू येतात. समितीने मात्र निष्काळजीपणाच्या साखळीकडे बोट दाखवले. दारूगोळ्याच्या खाली कापूस भरला गेला. जहाजावर धोकादायक माल आहे हे सांगणारा लाल बावटा लावण्यात आला नव्हता. स्फोटके उतरवून घेण्यास उशीर झाला. कप्प्यात वाफ सोडून आग कोंडण्याची सोय वापरली गेली नाही, आणि अग्निशमन दलाला वर्दी देण्यास विलंब झाला. यातील प्रत्येक चूक वेगवेगळी पाहिली तर कोणत्याही बंदरात कोणत्याही दिवशी घडू शकेल अशीच दिसते. त्या दुपारी त्या सर्व एकाच जहाजावर एकत्र आल्या.

किती माणसे मेली?

मृतांची संख्या ८०० हून अधिक होती, असे सामान्यपणे मानले जाते, तर काही अंदाज ती १,३०० पर्यंत नेतात. जखमींची संख्या हजारांच्या घरात होती. आकड्यांत एवढी तफावत असण्याचे कारण समजण्यासारखे आहे : गोदीत रोजंदारीवर ओझी वाहणाऱ्या माणसांची नावे कोणत्याही वहीत नव्हती, आणि स्फोटाच्या जवळ असलेल्या अनेकांचे अवशेषही हाती लागले नाहीत. म्हणून फलकावर एकच नेमका आकडा लिहू नये, असे माझे मत आहे. नेमक्या आकड्यात वहीबाहेरची माणसे मावत नाहीत.

एवढा मोठा स्फोट झाला, तर बातमी दुसऱ्या दिवशी जगभर गेली असेल?

गेली नाही. ब्रिटिश सरकारची युद्धकालीन प्रसिद्धीबंदी होती, आणि बातमीदारांना सविस्तर वृत्त बाहेर पाठवण्याची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याआधीच, १५ एप्रिल रोजी, जपानच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने या स्फोटाचे तपशीलवार वृत्त दिले होते. मुंबईकरांना अर्थातच कोणी सांगण्याची गरज नव्हती. आकाश त्यांना दिसत होते. पण त्या काळातील दूरदेशीच्या वर्तमानपत्रांत ही घटना शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी एप्रिलऐवजी मे महिन्याचे अंक चाळावेत. घटनेची तारीख आणि बातमीची तारीख यांत महिनाभराचे अंतर पडल्याचे याहून ठळक उदाहरण मुंबईच्या इतिहासात शोधावे लागेल.

सोन्याच्या विटांचे पुढे काय झाले?

त्या काळी सुमारे ८ लाख ९० हजार पौंड किमतीचे हे सोने होते. गोदीपासून दीडेक किलोमीटरवर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थांच्या तिसऱ्या मजल्यावरील घरात यातली २८ पौंड वजनाची वीट छप्पर फोडून आली, आणि त्यांनी ती परत केली. मुंबईत सोने पडले, ही आठवण अनेक घरांत आजी-आजोबांनी सांगितलेली असते. ती या एका विटेपुरती तरी अक्षरशः खरी आहे. पुष्कळसे सोने नंतर हाती लागले. गोदीतला गाळ उपसताना काही विटा तर १९७० च्या दशकापर्यंत सापडत राहिल्या.

अग्निशमन सेवा दिन याच घटनेमुळे पाळला जातो का?

होय. त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. जहाज सोडण्याचा आदेश झाल्यानंतरही नळ हातात धरून धक्क्यावर उभे असलेले हे लोक होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. भायखळा येथील दलाच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे आणि दर वर्षी तेथे मानवंदना दिली जाते. आमच्या फलकावर १४ एप्रिलची पहिली ओळ बाबासाहेबांची असते आणि दुसरी या ६६ जणांची. गेल्या कित्येक वर्षांत हा क्रम मी कधी बदललेला नाही.

स्फोट झाला तेव्हा बाबासाहेब कोठे कार्यरत होते?

त्या दिवशी त्यांना ५३ वर्षे पूर्ण झाली. १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, म्हणजे आजच्या भाषेत कामगारमंत्री. गोदीत मेलेल्यांत मोठी संख्या कष्टकऱ्यांची होती आणि देशाच्या कामगार खात्याची धुरा ज्यांच्याकडे होती त्यांचा तो जन्मदिवस होता. एवढे दोन्ही तपशील खरे आहेत. त्यांतून आणखी काही निष्कर्ष काढू नये.

त्याच दिवशी आझाद हिंद सेनेने भारतभूमीवर तिरंगा फडकवला, हे खरे आहे का?

हे खरे आहे, आणि मला वाटते या तारखेच्या यादीतील ही सर्वांत दुर्लक्षित नोंद आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीच, मणिपूरमधील मोइरांग येथे, आझाद हिंद सेनेच्या बहादूर गटाचे कर्नल शौकत अली मलिक यांनी ध्वज फडकवला. इंफाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर लोकटाक सरोवराकाठचे हे गाव आहे, आणि आज तेथे आझाद हिंद सेनेचे स्मारक व संग्रहालय आहे.

मुंबई आणि मोइरांग यांच्यामध्ये अख्खा भारत आडवा पसरलेला आहे. एका टोकाला ब्रिटिशांच्या युद्धासाठी आलेला दारूगोळा गोदी उद्ध्वस्त करीत होता आणि दुसऱ्या टोकाला त्याच ब्रिटिशांविरुद्ध लढणारे भारतीय सैनिक आपला ध्वज उभारीत होते. येथे वर्षही तेच आहे आणि युद्धही तेच आहे, म्हणून या दोन घटना एकमेकींशेजारी मांडण्यास खरा आधार आहे. तारीख एक पण शतके वेगळी, अशा जोड्यांना तो नसतो.

लिंकन यांचा मृत्यू १४ एप्रिलचा की १५ एप्रिलचा?

गोळी १४ एप्रिल १८६५ रोजी रात्री सव्वादहाच्या सुमारास, वॉशिंग्टनमधील फोर्ड नाट्यगृहात झाडण्यात आली आणि मृत्यू १५ एप्रिल रोजी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी झाला. त्यामुळे ‘हत्या : १४ एप्रिल’ आणि ‘मृत्यू : १५ एप्रिल’ या दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त कोणती लिहीत आहोत ते स्पष्ट असावे.

याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या आरंभी मेजर रॉबर्ट अँडरसन यांनी शरणागतीनंतर फोर्ट समटर या किल्ल्यावरचा ध्वज १४ एप्रिल १८६१ रोजी उतरवला होता. बरोबर चार वर्षांनी, १४ एप्रिल १८६५ रोजी, तोच ध्वज त्याच अँडरसन यांच्या हस्ते त्याच किल्ल्यावर पुन्हा चढवण्यात आला. ही तारीख जाणूनबुजून ठरवलेली होती. त्याच रात्री लिंकन यांच्यावर हल्ला होईल, हे ध्वजारोहणाला जमलेल्यांपैकी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. एका दिवसाच्या पोटात ठरवलेले आणि न ठरवलेले असे दोन्ही येते ते असे.

महाराष्ट्राशी या प्रसंगाचा धागा आहे तो जोतीराव फुले यांच्यामार्फत. १८७३ साली त्यांनी आपला एक ग्रंथ गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. फुले यांची जयंती ११ एप्रिलला येते आणि अनेक गावांत ११ ते १४ असा संयुक्त जयंती सप्ताह भरतो. त्यात लिंकन यांच्यावर एखादे व्याख्यान ठेवणाऱ्या संयोजकांनी ही अर्पणपत्रिका अवश्य वाचून दाखवावी.

टायटॅनिक १४ एप्रिलला बुडाली ना?

टायटॅनिक १४ एप्रिलला आदळली आणि १५ एप्रिलला बुडाली. १४ एप्रिल १९१२, रविवार, रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ती हिमनगावर आदळली, आणि मध्यरात्र उलटल्यावर २ वाजून २० मिनिटांनी पाण्याखाली गेली. सुमारे १,५०० माणसे मृत्युमुखी पडली. पूर्वी एकदा मी फलकावर ‘१४ एप्रिल : टायटॅनिक बुडाली’ असे लिहिले होते. जहाजावर नोकरी केलेल्या एका ज्येष्ठ वाचकांनी काही न बोलता खडू मागून घेतला, ‘बुडाली’ हा शब्द पुसला आणि त्या जागी ‘आदळली’ असे लिहून खडू माझ्या हातात परत दिला. तेव्हापासून क्रियापद तपासल्याशिवाय मी तारीख लिहीत नाही.

या वेळा जहाजावरील घड्याळाच्या आहेत, हेही लक्षात ठेवावे. जहाज आदळले त्या क्षणी भारतात १५ एप्रिलची सकाळ उजाडलेली होती.

म्हणजे ठिकाण बदलले की तारीखही बदलते?

निश्चितच बदलते. अपोलो १३ या चांद्रमोहिमेतील प्राणवायूची टाकी फुटली ती ह्यूस्टनच्या घड्याळाप्रमाणे १३ एप्रिल १९७० रोजी रात्री ९ वाजून ८ मिनिटांनी. पण ग्रीनिचला तेव्हा १४ एप्रिलचे ३ वाजून ८ मिनिटे झाले होते आणि भारतात १४ एप्रिलच्या सकाळचे ८ वाजून ३८ मिनिटे. आपल्याकडे मुले शाळेला निघण्याच्या वेळेस ही घटना घडत होती. त्यामुळे एखाद्या यादीत १३ आणि दुसऱ्या यादीत १४ दिसली तर दोहोंपैकी एक खोटी आहे, असे समजण्याचे कारण नाही. फलकावर मी ही नोंद १३ ला, घटनेची सूत्रे जेथून हलत होती त्या ठिकाणच्या वेळेप्रमाणे, लिहितो. तिघेही अंतराळवीर १७ एप्रिलला सुखरूप परतले.

इतक्या प्रांतांचे नववर्ष १४ एप्रिललाच कसे येते?

तमिळ पुत्तांडु, केरळचा विषू, ओडिशाची पणा संक्रांती, आसामचा बोहाग बिहू, बंगालचा पहिला वैशाख आणि पंजाबची वैशाखी हे सर्व १३ ते १५ एप्रिलच्या दरम्यान येतात, कारण या सर्वांचा आधार मेष संक्रांती, म्हणजे सूर्याचा मेष राशीतील प्रवेश, हा आहे. श्रीलंका, नेपाळ आणि थायलंडमधील नववर्षेही याच सुमाराची. बांगलादेशाने आपल्या सुधारित पंचांगात हा दिवस १४ एप्रिललाच कायम केला आहे. आपला गुढीपाडवा मात्र चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे चंद्राच्या गणनेने येतो आणि म्हणून दर वर्षी इंग्रजी तारखेत मागेपुढे होतो.

तथापि हा एप्रिलमधील मुक्काम कायमचा नाही. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष हे इंग्रजी कॅलेंडरच्या वर्षापेक्षा किंचित मोठे असते, आणि त्यामुळे मेष संक्रांती साधारण ७० वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. खालसा पंथाची स्थापना १६९९ च्या वैशाखीला झाली तेव्हाची तारीख ३० मार्च अशी दिली जाते. ती जुन्या ज्युलियन गणनेची आहे. आजच्या गणनेत ती ९ एप्रिल होते. तेव्हापासूनच्या सव्वातीनशे वर्षांत वैशाखी चार-पाच दिवसांनी पुढे आली, आणि १९१९ मध्ये जालियनवाला बागेत गोळीबार झाला त्या वैशाखीला १३ एप्रिल होती. आणखी काही शतकांनी ही सारी नववर्षे १४ एप्रिल सोडून पुढे गेलेली असतील.

जुन्या काळातल्या १४ एप्रिलच्या नोंदींवर कितपत विश्वास ठेवावा?

विश्वास ठेवावा, पण आधी कॅलेंडर कोणते ते विचारावे. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडर सुधारले. पोर्तुगाल आणि स्पेन यांनी ते लगेच स्वीकारले, पण इंग्लंडने १७५२ पर्यंत स्वीकारले नाही. शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांचा जन्म १४ एप्रिल १६२९ रोजी हेग येथे झाला, तेव्हा इंग्लंडमध्ये ४ एप्रिल होती. इंग्लंडमधील बार्नेटची लढाई १४ एप्रिल १४७१ ची, ती अर्थातच जुन्या गणनेची.

हा मुद्दा आपल्या इतिहासासाठी फार महत्त्वाचा आहे. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतील इंग्रज जुनी तारीख लिहीत होते आणि गोव्यातील पोर्तुगीज नवी. शिवकाळातील एकाच घटनेची दोन पत्रे दहा दिवसांच्या फरकाने सापडली तर त्यामागे हे कारण असू शकते. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखदेखील ज्युलियन गणनेतील आहे. मूळ नोंद फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे आणि ग्रेगरीच्या गणनेने तो दिवस १ मार्च १६३० होतो.

याशिवाय या तारखेला आणखी काय नोंदवावे?

१९३१ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुकीतील कौलानंतर राजा तेरावा अल्फोन्सो देश सोडून गेला आणि स्पेनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली. १९५० मध्ये तिरुवण्णामलै येथे रमण महर्षींचे निर्वाण झाले. २००३ मध्ये मानवी जनुकसंचाचे वाचन पूर्ण झाल्याची घोषणा आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने केली, आणि नंतर उरलेल्या मोकळ्या जागा भरून संपूर्ण वाचन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचा जन्म १९२२ चा आणि पार्श्वगायिका शमशाद बेगम यांचा १९१९ चा, दोन्ही १४ एप्रिलचे.

एकाच तारखेला एवढ्या घटना घडाव्यात, यामागे काही योग असावा का?

वर्षात ३६५ दिवस आणि मानवी इतिहासात नोंदलेल्या घटना लाखो. तेव्हा कोणतीही तारीख उचलली तरी तिच्या वाट्याला जन्म, मृत्यू, युद्धे आणि दुर्घटना भरपूर येणारच. आपली समजूत याबाबतीत सहज चुकते. एका वर्गात अवघी २३ मुले असली, तरी त्यांतल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. शिक्षकांनी हा प्रयोग हजेरीपटावरून करून पाहण्यासारखा आहे. लिंकन यांच्यावरील हल्ला आणि मुंबईचा स्फोट हे दोन्ही शुक्रवारी झाले, असे मला एका वाचकांनी मोठ्या उत्साहाने दाखवून दिले. ते खरे आहे, पण कोणतीही तारीख सरासरीने दर सात वर्षांतून एकदा शुक्रवारी येतेच.

फलकावर १४ एप्रिलची नोंद लिहिताना कोणती काळजी घ्यावी?

नोंदीत क्रियापद नेमके असावे. ‘गोळी झाडली’ आणि ‘निधन झाले’, ‘आदळली’ आणि ‘बुडाली’ यांत कित्येकदा एका तारखेचे अंतर असते. रात्रीची किंवा परदेशातील घटना असेल तर वेळ आणि ठिकाण लिहावे. १७५२ पूर्वीची इंग्रजी नोंद असेल तर जुनी की नवी गणना ते लिहावे. मोबाइलवर फिरणाऱ्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, म्हणून दहा याद्यांत एकच तारीख दिसली तरी तो दहा साक्षीदारांचा पुरावा ठरत नाही. व्यक्तीचे चरित्र, त्या दिवसाचे वर्तमानपत्र किंवा चौकशीचा अहवाल यांपैकी एक तरी आधार स्वतः पाहावा. आणि फलकावर जागा कमी पडत असेल, तर हायगेन्स आणि बार्नेट खुशाल वगळावेत, पण गोदीतील त्या ६६ जवानांची ओळ पुसू नये.